सुभेदाराचा मुलगा, बॅरिस्टर आणि औरंगाबादचे महाविद्यालय

औरंगाबादहून, म्हणजेच आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, जालन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर करमाडचे स्थानक लागते. निजामाच्या राजवटीत या परिसरातल्या मुलाला पदवी मिळवायची तर बहुधा हैदराबाद गाठावे लागे. उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यम उर्दू. त्यात मुलगा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेला असेल, तर हा प्रवास सुरू होण्यापूर्वीच संपल्यासारखा असे. १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादला एक नवे महाविद्यालय सुरू झाले आणि ही स्थिती पालटू लागली. त्याचे संस्थापक त्या वेळी देशाचे कायदामंत्री होते. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव राज्यघटनेशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु लष्कर, न्यायालय आणि राजकारण या तीन क्षेत्रांतून झालेला त्यांचा प्रवास एका शाळेच्या दारातून सुरू झाला होता, हे फारसे लक्षात घेतले जात नाही.

ती शाळा लष्कराची होती. आंबेडकरांचे आजोबा मालोजी कंपनी सरकारच्या फौजेत होते. वडील रामजी सकपाळ सुभेदारपदापर्यंत पोहोचले आणि लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले. शिपायांच्या मुलामुलींना शिकविण्याची सक्ती लष्करात होती. गावकुसाबाहेरच्या समाजातील अनेक कुटुंबांत अक्षरओळख आली ती या सक्तीमुळे. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. त्यानंतर एक-दोन वर्षांतच इंग्रज सरकारने महार समाजाची सैन्यभरती थांबविली. ज्या दारातून हे घराणे पुढे आले होते, ते मागून येणाऱ्यांसाठी बंद झाले.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. तहान लागली तर दुसऱ्या कोणी पाणी घातल्याशिवाय ते पिता येत नसे. रामजींनी मात्र मुलाचे शिक्षण थांबू दिले नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले आणि महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर पदवीधर झाले. १९१३ च्या जानेवारीत बडोदा संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून त्यांची नेमणूक झाली. ही सैनिकी नोकरी औट घटकेची ठरली. वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना परतावे लागले आणि २ फेब्रुवारी रोजी रामजींचे निधन झाले.

त्याच वर्षी बडोद्याच्याच साहाय्याने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे त्यांचे अध्ययन सुरू झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये ते अर्ध्यावरच परतले. करारानुसार बडोद्यात महाराजांचे लष्करी सचिव म्हणून ते रुजू झाले. हुद्दा मोठा होता, पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. जात कळल्यावर पारशी खाणावळीतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. काही दिवसांतच नोकरी सोडून ते मुंबईला आले. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले आणि बॅरिस्टरीबरोबरच अर्थशास्त्रातील डॉक्टरेटही मिळविली.

१९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटले देण्यास अशील कचरत. तरीही १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून झालेल्या खटल्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदी ब्राह्मणेतर नेत्यांची बाजू त्यांनी यशस्वीपणे मांडली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी सत्याग्रह केला. त्यानंतर तळ्याच्या हक्कावरून सुरू झालेली न्यायालयीन लढाई दहा वर्षे चालली. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

या दोन तारखांच्या मध्ये, १९३४ साली, ते सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले असताना दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी थांबले. धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याजवळच्या हौदावर हातपाय धुतले. पाणी बाटविल्याचा आरोप करीत जमाव धावून आला. बऱ्याच वादानंतर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून सोबत सशस्त्र पहारेकरी देण्यात आला. गोलमेज परिषदेत ज्यांनी आपल्या समाजाचे प्रतिनिधित्व केले होते, त्यांच्या वाट्याला मराठवाड्यात आलेला हा अनुभव होता.

राजकारणात त्यांनी कायद्याचेच शस्त्र वापरले. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन करून त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली होती. आंबेडकरांनी भरतीचा प्रश्न सातत्याने लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. त्यांच्या बालपणी बंद झालेले दार असे पुन्हा उघडले.

मात्र केवळ फौजेच्या आधारावर समाज उभा राहणार नाही, याची त्यांना जाणीव होती. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर त्यांनी औरंगाबादची निवड केली. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. त्याच महिन्यात हिंदू कोड बिल रखडल्याने आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सत्ता गेली, पण महाविद्यालयाचे काम थांबले नाही. नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव या महाविद्यालयाला मिळाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर, ६ डिसेंबर रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. नागसेनवनातून पुढे शिक्षक, वकील, अधिकारी आणि लेखक घडले. मिलिंदमध्ये अध्यापन करणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतूनच 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालविले आणि दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले. दौलताबादेच्या हौदापासून हे महाविद्यालय अवघ्या काही कोसांवर आहे. जेथे पाण्याला स्पर्श नाकारला गेला, त्याच परिसरात बाबासाहेबांनी सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग उघडले.