चिरा न देता गाठीवर उपचार : डॉ. लार्स लेक्सेल यांची ओळख

वसमतहून नांदेडला जाऊन एमआरआय केला, कवटीच्या तळाशी गाठ निघाली आणि डॉक्टरांनी गॅमा नाइफ सुचवलं, की घरचे आधी विचारतात, डोकं उघडणार का? नाही. नावात सुरी असली तरी या उपचारात चिरा नसतो. ज्यांनी हा उपचार शोधला, त्यांची ओळख करून घेतली तर तो समजायला सोपा जाईल.

लार्स लेक्सेल यांचा जन्म 1907 साली स्वीडनमध्ये झाला. 1935 पासून ते स्टॉकहोममध्ये मेंदूची शस्त्रक्रिया शिकले. त्या काळी कवटी उघडणं फार जोखमीचं होतं. कवटीच्या तळाशी तर दृष्टी, ऐकणं आणि गिळणं सांभाळणाऱ्या नसा दाटीवाटीने असतात.

1949 साली लेक्सेल यांनी डोक्यावर बसवायची चौकट मांडली. तिच्यामुळे मेंदूतली नेमकी जागा मोजून गाठता येऊ लागली. 1951 मध्ये त्यांनी सुरीऐवजी किरण वापरण्याची कल्पना मांडली आणि तिला रेडिओसर्जरी हे नाव दिलं. पहिल्या गॅमा नाइफचा वापर 1968 मध्ये सुरू झाला. त्यात कोबाल्टचे 179 किरण वेगवेगळ्या दिशांनी येत. एकटा किरण क्षीण असतो, त्यामुळे वाटेतल्या मेंदूला फारसा धक्का बसत नाही. सगळे किरण जिथे एकत्र येतात, तिथेच खरा मारा होतो. 1969 मध्ये त्यांनी कानाच्या नसेवरील गाठीवरही हा उपचार केला. 1986 साली त्यांचं निधन झालं. 1997 मध्ये गॅमा नाइफ मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आलं.

आता तुमच्या कामाचं. हा उपचार साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी योग्य ठरतो. गाठ मोठी असेल, मेंदूवर दाब देत असेल किंवा डोळ्याच्या नसेला चिकटली असेल, तर बहुधा शस्त्रक्रियाच सुचवली जाते. गाठ नेमकी किती मोठी आहे, नसेपासून किती दूर आहे आणि काही महिने थांबून पाहता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

उपचारानंतर गाठ लगेच नाहीशी होत नाही. तिची वाढ थांबवणं हाच मुख्य हेतू असतो. काही गाठी सुरुवातीला थोड्या फुगतात, मग हळूहळू आक्रसतात. म्हणून त्रास नसला तरी पुढची अनेक वर्षं सांगितलेल्या वेळी एमआरआय करा. जखम दिसत नाही म्हणून तपासणी सोडू नका.