हेन्री मॉडस्ली

हेन्री मॉडस्ली (जन्म : वूलिच, इंग्लंड, २२ ऑगस्ट १७७१, मृत्यू : १४ फेब्रुवारी १८३१) हे इंग्लिश यंत्रनिर्माते आणि संशोधक होते. धातू कापणाऱ्या यंत्रांमध्ये अचूकता आणण्याचे श्रेय ज्या थोड्या व्यक्तींना दिले जाते, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. आटे पाडणारा अचूक लेथ, कार्यशाळेतील मापनासाठी तयार केलेले सूक्ष्ममापक आणि पोर्ट्समथ येथील जहाजी कप्प्या बनवणारी यंत्रे ही त्यांची प्रमुख कामे होत. त्यांच्या कारखान्यात शिकून तयार झालेल्या कारागिरांनी पुढे इंग्लंडच्या यंत्रोद्योगाचा पाया घातला. आजच्या संगणकनियंत्रित म्हणजेच सीएनसी मिलिंग यंत्रांची मूलभूत रचना ज्या तत्त्वांवर उभी आहे, त्यांपैकी अनेक तत्त्वे मॉडस्ली यांच्या कारखान्यात प्रत्यक्ष व्यवहारात उतरली.

== जन्म आणि बालपण ==

मॉडस्ली यांचा जन्म लंडनजवळील वूलिच येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नावही हेन्रीच होते. ते सैन्यात गाड्यांची चाके बनवण्याचे काम करीत. लढाईत जखमी झाल्यावर त्यांना वूलिचच्या शाही शस्त्रागारात भांडारपालाची नोकरी मिळाली. हेन्री नऊ वर्षांचे असताना, १७८० मध्ये, वडिलांचे निधन झाले. घरची परिस्थिती बेताची असल्याने बाराव्या वर्षीच त्यांना शस्त्रागारात कामाला लागावे लागले. काडतुसांत दारू भरणे हे त्यांचे पहिले काम होते. दोन वर्षांनी त्यांना सुतारशाळेत पाठवण्यात आले. परंतु त्यांचा ओढा लाकडापेक्षा लोखंडाकडे अधिक होता. पंधराव्या वर्षी ते लोहारशाळेत दाखल झाले आणि थोड्याच काळात कुशल घडाई करणारा तरुण म्हणून त्यांची ख्याती झाली. त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. त्यांचे खरे शिक्षण भट्टी, ऐरण आणि कानस यांच्या सान्निध्यातच झाले.

== जोसेफ ब्रामा यांच्याकडील काळ ==

त्या सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांनी एका नव्या प्रकारच्या कुलपाचे एकस्व घेतले होते. हे कुलूप किल्लीवाचून उघडणे अत्यंत अवघड होते. मात्र त्याचे भाग इतके नाजूक आणि नेमके होते, की हाताने घडवताना प्रत्येक कुलपाला फार वेळ लागे व खर्चही भारी होई. हे काम करू शकेल अशा कारागिराच्या शोधात ब्रामा असताना त्यांच्यापुढे मॉडस्ली यांचे नाव आले. १७८९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, मॉडस्ली ब्रामा यांच्या कारखान्यात रुजू झाले. इतक्या लहान वयाच्या कारागिराला घेण्यास ब्रामा प्रथम कचरत होते, पण त्यांचे काम पाहिल्यावर ही शंका उरली नाही.

मॉडस्ली यांनी कुलपाचे भाग बनवण्यासाठी खास यंत्रे व साचे तयार केले. त्यामुळे एकाच मापाचे भाग पुनःपुन्हा काढता येऊ लागले आणि कुलपाची किंमत सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली. ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेले असे आणि ते किल्लीशिवाय उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर केलेले होते. हे कुलूप मॉडस्ली यांच्या हातचे असल्याचे सांगितले जाते. १८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने अनेक दिवसांच्या खटपटीनंतर ते उघडले. तोपर्यंत ते अजिंक्य राहिले होते.

ब्रामा यांच्या द्रवचालित दाबयंत्रातही मॉडस्ली यांचा वाटा होता. या यंत्रात दट्ट्याच्या कडेने पाणी गळत असे. वाटीच्या आकाराचे चामड्याचे वायसर बसवावे, म्हणजे पाण्याचा दाब वाढेल तसे ते कडेला अधिकच घट्ट बसेल, ही कल्पना मॉडस्ली यांची असल्याचे त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले आहे. एकस्व मात्र ब्रामा यांच्या नावावर होते.

१७९१ मध्ये मॉडस्ली यांनी ब्रामा यांच्या घरी काम करणाऱ्या सारा टिंडेल यांच्याशी विवाह केला. त्यांना चार मुलगे झाले. दरम्यान मॉडस्ली कारखान्याचे मुख्य कारागीर झाले होते. तरी त्यांचा पगार आठवड्याला तीस शिलिंगच राहिला. संसार वाढत असल्याने १७९७ मध्ये त्यांनी पगारवाढ मागितली. ब्रामा यांनी ती नाकारली. आठ वर्षे ज्या कारखान्याला त्यांनी घडवले, तो सोडून स्वतःचे लहानसे दुकान काढण्याचा निर्णय मॉडस्ली यांनी घेतला. ब्रामा यांच्या या नकारामुळे त्यांनी आपला सर्वोत्तम कारागीर गमावला आणि इंग्लंडला एक स्वतंत्र यंत्रनिर्माता मिळाला.

== स्वतःचा कारखाना ==

ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळील वेल्स स्ट्रीट येथे मॉडस्ली यांचे पहिले दुकान होते. पहिले काम एका चित्रकाराचे मिळाले. मोठ्या चित्रफलकासाठी त्याला लोखंडी चौकट हवी होती. पुढे कामे वाढल्यावर ते कॅव्हेंडिश स्क्वेअरजवळील मार्गारेट स्ट्रीट येथील मोठ्या जागेत गेले. १८१० च्या सुमारास कारखाना थेम्स नदीच्या दक्षिणेला लॅम्बेथ येथे हलवण्यात आला. जोशुआ फील्ड हे त्यांचे भागीदार झाले. मॉडस्ली यांच्या पश्चात ही संस्था मॉडस्ली, सन्स अँड फील्ड या नावाने प्रसिद्धीस आली.

== आटे पाडणारा लेथ ==

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लेथवर काम करणारा कारागीर कापण्याचे हत्यार हातात धरून एका आधारावर टेकवीत असे. त्यामुळे कामाची अचूकता सर्वस्वी त्याच्या मनगटावर अवलंबून असे. लाकूड किंवा पितळ कापताना हे चालून जाई. लोखंडाच्या बाबतीत मात्र हात थकत, हत्यार घसरे आणि पृष्ठभाग खडबडीत राही. मॉडस्ली यांनी हत्यार एका सरकत्या पकडीत घट्ट बसवले आणि ती पकड सपाट, सरळ लोखंडी मार्गावर स्क्रूच्या साहाय्याने सरकवण्याची सोय केली. हाच स्लाइड रेस्ट होय.

१७९७ ते १८०० या काळात त्यांनी यापुढचे पाऊल टाकले. फिरणारा जॉब आणि हत्यार सरकवणारा लीड स्क्रू यांना त्यांनी दंतचक्रांनी जोडले. जॉब एक फेरा घेईल तेवढ्यात हत्यार ठरावीक अंतर पुढे सरके. दंतचक्रे बदलली, की एकाच लीड स्क्रूवरून वेगवेगळ्या अंतराचे आटे पाडता येत. यंत्राचा पायाही लाकडाऐवजी लोखंडाचा केल्याने कंपने कमी झाली.

या यंत्राच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. स्लाइड रेस्ट मॉडस्ली यांच्यापूर्वीही माहीत होता. फ्रान्समध्ये जाक व्होकाँसाँ यांनी सरकत्या पकडीचा लेथ बनवला होता, तर इंग्लंडमध्ये उपकरणनिर्माते जेसी रॅम्सडेन यांनी १७७० च्या दशकात आटे पाडणारा लेथ तयार केला होता. त्यामुळे मॉडस्ली यांना या साधनाचा एकमेव जनक मानणे इतिहासाला धरून होत नाही. लोखंडी पाया, सरकती पकड, अचूक लीड स्क्रू आणि बदलती दंतचक्रे यांचा मेळ घालून त्यांनी रोजच्या कारखानी कामात टिकणारे यंत्र उभे केले, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय.

पूर्वी प्रत्येक बोल्टला त्याचाच नट लागे. एकाचा नट दुसऱ्याला बसत नसल्याने जोड्यांवर खुणा कराव्या लागत आणि यंत्र खोलल्यावर त्या जोड्यांत गफलत झाली, तर मोठा खोळंबा होई. मॉडस्ली यांनी आपल्या कारखान्यापुरती आट्यांची मापे ठरवून दिली. त्यांनी बनवलेल्या एका प्रसिद्ध स्क्रूची लांबी पाच फूट आणि व्यास दोन इंच होता. त्यावर दर इंचास पन्नास आटे होते. त्याचा नट बारा इंच लांब असून त्यात सहाशे आटे होते.

== सपाट पृष्ठ आणि सूक्ष्म मापन ==

अचूक यंत्र बनवण्यासाठी आधी खरोखर सपाट पृष्ठ आणि विश्वासार्ह माप लागते, हे मॉडस्ली यांनी ओळखले होते. कारागिरांच्या टेबलांवर त्यांनी काळजीपूर्वक सपाट केलेल्या लोखंडी पाट्या, म्हणजेच सरफेस प्लेट, ठेवल्या. कारागीर आपला जॉब त्यावर घासून उंचवटे शोधत आणि कानशीने व खरवडणीने ते काढून टाकत.

मापाविषयीचे वाद मिटवण्यासाठी त्यांनी स्वतःच्या टेबलावर एक सूक्ष्ममापक ठेवले होते. त्यावर इंचाचा दहा हजारावा भाग मोजता येई. कारखान्यात एखाद्या मापाबद्दल दोन मते झाली, की या उपकरणाचा निर्णय अंतिम मानला जाई. म्हणून त्याला देशातील सर्वोच्च न्यायाधिकाऱ्याच्या पदावरून लॉर्ड चॅन्सेलर असे गमतीचे नाव पडले. हे उपकरण लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन केलेले आहे.

== पोर्ट्समथची कप्पीयंत्रे ==

शिडाच्या एका मोठ्या युद्धनौकेला दोरखंड ओढण्यासाठी सुमारे एक हजार कप्प्या लागत. इंग्लंडच्या नौदलाला दर वर्षी लाखभर कप्प्यांची गरज होती आणि फ्रान्सशी युद्ध चालू असल्याने पुरवठा थांबणे परवडणारे नव्हते. या कप्प्या बहुतांशी हाताने बनत. फ्रान्समधून आलेले अभियंते मार्क ब्रूनेल यांनी त्या यंत्रांवर बनवण्याची योजना आखली. नौदलाच्या कामांचे महानिरीक्षक सॅम्युअल बेंथम यांनी तिला पाठिंबा दिला. आराखड्यांवरून नमुने आणि नंतर प्रत्यक्ष यंत्रे बनवण्याचे काम मॉडस्ली यांच्याकडे आले.

मॉडस्ली यांनी चाळीसहून अधिक यंत्रे बांधली. त्यांत लाकूड कापणारी, भोके पाडणारी, खाचा घेणारी, बाहेरचा आकार देणारी आणि चाके घडवणारी यंत्रे होती. प्रत्येक यंत्राला एकच काम नेमून दिलेले असे आणि ते पूर्ण झाले, की लाकूड पुढच्या यंत्राकडे जाई. यंत्रे संपूर्ण धातूची होती. १८०८ पर्यंत वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या. ठरावीक प्रकारचा माल यंत्रांच्या साखळीवर मोठ्या संख्येने काढण्याचे हे जगातील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक मानले जाते.

या यशाला दुसरी बाजूही होती. ज्या कामाला पूर्वी एकशे दहा कुशल कारागीर लागत, ते आता दहा अकुशल माणसे करू लागली. कप्प्यांचा ठेका पूर्वी साउथॅम्प्टनच्या टेलर कुटुंबाकडे होता. ब्रूनेल यांची योजना त्यांनी आधी नाकारली होती. पुढे तो ठेकाही त्यांच्या हातून गेला. यंत्रामुळे कौशल्य हातातून हत्यारात गेले, की त्या हाताचे काय होते, हा प्रश्न त्यानंतर प्रत्येक पिढीत पुन्हा उभा राहिला. मॉडस्ली यांच्या चरित्राचा विचार करताना ही गोष्ट वगळता येत नाही. ही यंत्रे घडवण्यासाठी मात्र अत्यंत कुशल कारागिरांची गरज वाढली. अशा कारागिरांची एक नवी पिढी त्यांच्याच कारखान्यात तयार झाली.

== जहाजांची इंजिने व भारताशी संबंध ==

१८०७ मध्ये मॉडस्ली यांनी टेबल इंजिन या सुटसुटीत वाफेच्या इंजिनाचे एकस्व घेतले. पुढे जहाजांची इंजिने हा त्यांच्या संस्थेचा मुख्य व्यवसाय झाला. १८२३ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या लायटनिंग या वाफेच्या जहाजाला त्यांचे इंजिन बसवले गेले. १८२५ मध्ये इंग्लंडहून निघून कोलकात्याला पोहोचलेल्या एंटरप्राइज या जहाजातही त्यांचीच इंजिने होती. वाफेचे इंजिन असलेले जहाज इंग्लंडहून भारतात येण्याची ही पहिलीच वेळ होती. वाटेत काही प्रवास शिडांवर करावा लागला. मुंबईच्या गोदीत बांधलेले ह्यू लिंडसे हे जहाज मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुएझला निघाले. त्याची इंजिनेही मॉडस्ली यांच्या कारखान्यातून आलेली होती. थेम्स नदीखालील बोगद्यासाठी ब्रूनेल यांनी योजलेले लोखंडी संरक्षक कवचही याच कारखान्यात तयार झाले.

== शिष्यपरंपरा ==

मॉडस्ली यांच्या कारखान्यात काम केलेल्यांपैकी अनेक जण पुढे स्वतंत्र ख्यातीस पोहोचले. रिचर्ड रॉबर्ट्स यांनी धातूचे रंधायंत्र आणि स्वयंचलित सूतकताई यंत्र बनवले. जोसेफ क्लेमंट यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे भाग घडवले. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सर्व कारखान्यांसाठी समान आट्यांची पद्धत सुचवली आणि ती इंग्लंडभर स्वीकारली गेली. जेम्स नॅस्मिथ १८२९ मध्ये मॉडस्ली यांचे मदतनीस म्हणून आले. वाफेच्या हातोड्यामुळे ते पुढे प्रसिद्ध झाले. इंजिनाच्या एका नमुन्यासाठी लहान षटकोनी नटांच्या बाजू हाताने कानसण्याचे काम आले, तेव्हा नॅस्मिथ यांनी फिरत्या दातेरी हत्याराने त्या कापणारे छोटे मिलिंग यंत्र याच कारखान्यात तयार केले.

== अखेरचे दिवस ==

उतारवयात मॉडस्ली यांना खगोलशास्त्राची गोडी लागली आणि मोठी दुर्बीण स्वतः बनवण्याचा त्यांचा विचार होता. जानेवारी १८३१ मध्ये फ्रान्समधील एका मित्राला भेटून परतताना समुद्रप्रवासात त्यांना थंडी बाधली. सुमारे चार आठवड्यांच्या आजारानंतर १४ फेब्रुवारी १८३१ रोजी त्यांचे निधन झाले. जन्मगावी वूलिच येथील सेंट मेरी मॅग्डलिन चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. तेथील ओतीव लोखंडाच्या स्मारकाचा आराखडा त्यांनी स्वतःच केला होता. त्यांचे पुत्र थॉमस हेन्री आणि जोसेफ यांनी व्यवसाय पुढे चालवला. माया संस्कृतीचे अभ्यासक आल्फ्रेड मॉडस्ली हे त्यांचे नातू होत.

== वारसा ==

१९५२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरील आकड्यांनुसार चालणारे मिलिंग यंत्र जगापुढे सादर झाले. त्यातूनच आजची सीएनसी यंत्रे विकसित झाली. मोठ्या कारखान्यात कित्येक मीटर लांबीचा जॉब कापणाऱ्या सीएनसी मिलिंग यंत्राकडे पाहिले, तर त्याचा संगणक नवा असला, तरी त्याखालील जड ओतीव पाया, सरळ सरकमार्ग, घट्ट धरलेले हत्यार आणि अचूक स्क्रू ही मांडणी जुनी आहे. मॉडस्ली यांच्या लेथमध्ये आट्यांचे अंतर दंतचक्रांनी ठरे. आता हत्याराची वाटचाल आकडे ठरवतात. हाताच्या थरथरीपासून हत्याराची सुटका करण्याचा जो प्रयत्न वूलिचच्या लोहारशाळेतून आलेल्या या कारागिराने केला, त्याचाच विस्तार आधुनिक यंत्रशाळांमध्ये दिसतो.