दरबार सोडलेला गवई

लातूरकरांच्या मनात मिरज हे नाव कायमचे बसले ते १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेची गाडी लातूर स्टेशनात आली आणि माणसे झोपेतून उठून ती बघायला गेली. पण लातूर-मिरजेचे नाते त्याहून जुने आहे. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये ही लाईन दुसऱ्या टोकाला मिरजेला भिडली. निजामाच्या राज्यातले लातूर आणि पटवर्धनांच्या संस्थानातली मिरज एका रुळावर आली. त्या मिरजेत तेव्हा ज्यांचे घर होते, ते उस्ताद अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याचे नाव आज जगभर आहे ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. पण गाण्याइतकीच त्यांच्या जगण्याची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कलावंत हा कुणाचा तरी नोकर असतो, हे ज्या काळात सगळ्यांनी गृहीत धरले होते, त्या काळात हा माणूस स्वतःच्या नावावर जगायला निघाला.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. कैरान्यावरूनच घराण्याला किराणा हे नाव पडले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. घर गवयांचे आणि बीनकारांचे. अशा घरातल्या मुलाने शिकायचे, मग एखाद्या राजाच्या पदरी राहायचे, हे ठरलेले होते. अब्दुल करीम आणि धाकटा भाऊ अब्दुल हक जोडीने गात. गात गात ते बडोद्याला पोचले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात त्यांना जागा मिळाली.

दरबारातली ही जागा म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवे. बडोद्यात गवई, वादक, नर्तकी आणि तमासगीर यांच्यासाठी एक स्वतंत्र खाते होते, कलावंत खाते. त्याचे नियम छापलेले होते. हजेरी होती, रजा होती, चुकले तर दंड होता. महाराज पुरोगामी होते, त्यांच्या राज्यात १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली होती. तरी गवयाची गणना व्हायची ती पदरी ठेवलेल्या माणसांत. पगार होता, इनाम होते, कौतुकही होते. फक्त बरोबरी नव्हती. आपण ज्या रियासतीत होतो तिथेही चित्र वेगळे नव्हते. हैदराबादच्या माहलका बाई चंदा या मोठ्या शायरा, गायिका. स्वतःचा दिवान असलेल्या उर्दूतल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. पण त्यांचीही शान निजामांनी दिलेल्या जहागिरीवर उभी होती. देणारा हात वर आणि गाणारा गळा खाली, असाच तो व्यवहार होता.

बडोद्यात या व्यवहाराला तडा गेला तो गाण्यामुळे नव्हे. सरदार मारुतीराव माने हे राजघराण्याच्या नात्यातले. त्यांची मुलगी ताराबाई आणि तरुण अब्दुल करीम यांचे मन जुळले. पदरी ठेवलेला गवई, त्यात मुसलमान, आणि सरदाराची लेक. दोघांना बडोदे सोडावे लागले. एकोणिसावे शतक संपत आले होते. ते मुंबईला आले आणि पुढे मिरजेला. पगार गेला, दरबार गेला, डोक्यावरचे छत्र गेले. हातात उरला फक्त गळा.

मिरजेत प्लेगने त्यांना गाठले, असे तिथले लोक आजही सांगतात. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाणे अर्पण केले आणि ते बरे झाले. तेव्हापासून उरुसात हजेरी लावायची हा त्यांचा नेम झाला. कंधारच्या हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यात किंवा लातूरच्या सुरतशाहवलींच्या उरुसात ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना या नेमाचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिथे गाणाऱ्याला कुणापुढे मुजरा करावा लागत नाही.

पण दर्ग्यात घर चालत नाही. राजाचा पगार नसलेल्या गवयाने खायचे काय? याचे उत्तर त्या पिढीला स्वतःच शोधावे लागले, आणि आज ज्याला आपण स्वतःची जाहिरात म्हणतो तिचा जन्म इथे आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी दिली. तबकडीच्या शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव सांगत. तबकड्या जर्मनीत तयार होत. तिथल्या माणसाला लेबलावर कुणाचे नाव छापायचे ते कळावे म्हणून ही सोय होती, असे सांगतात. कारण काही असो, एका गाणारणीचे नाव तिच्याच तोंडून हजारो घरांत पोचले आणि त्यासाठी कुठल्या नवाबाची परवानगी लागली नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांतच अब्दुल करीम खाँसाहेबांनीही तबकड्यांसाठी गायले. तेव्हा बरेच उस्ताद तबकडीला घाबरत. एकदा विद्या मेणावर उमटली की कुणीही चोरील, ही भीती होती. दोन-तीन मिनिटांत राग कसा मांडायचा, हा प्रश्न वेगळाच.

तिकीट लावून जलसे करणे हेही तेव्हा नवे होते. दरबारात कोण ऐकणार ते राजा ठरवी. तिकिटाच्या जलशात दाम मोजणारा कुणीही समोर बसे, वकील, शिक्षक, व्यापारी, स्टेशनमास्तर. हा श्रोता नावावर येई. म्हणून नाव वाढवावे लागे. त्या काळात कितीतरी गवयांनी आपल्या नावामागे प्रोफेसर लावून घेतले, ते उगीच नाही. उस्ताद म्हटले की लोकांना कोठी आठवे, प्रोफेसर म्हटले की कॉलेज. इज्जत हवी असेल तर शब्दही बदलावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

खाँसाहेबांनी तर एक अजब गोष्ट केली. त्यांच्याकडे टिपू मियाँ नावाचा कुत्रा होता. त्याला त्यांनी सुरात सूर मिळवायला शिकवले आणि लोकांपुढे आणले. गंभीर रसिकांना हे रुचले नसणार, आणि मलाही हा तमाशाच वाटतो. पण हसण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की महिन्याच्या एक तारखेला ज्याच्या घरी पगार येत नाही, त्याला लोकांचे लक्ष स्वतःच ओढावे लागते. आज नांदेडच्या चौकाचौकांत रमजान मुबारकचे फ्लेक्स लागतात. त्यांवर मुबारकबाद लहान असते आणि चेहरे मोठे असतात. नात पढणाऱ्या पोरांच्या नावामागे आता चार-चार खिताब येतात. खाँसाहेबांच्या कुत्र्यात आणि या फ्लेक्समध्ये एक फरक मात्र आहे. त्या कुत्र्यामागे तीस वर्षांचा रियाज बसलेला होता.

आणि त्यांची सगळ्यात मोठी जाहिरात ही त्यांची सगळ्यात मोठी देणगीही ठरली. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे मुंबईतही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले होते, हा मार्ग आता मळलेला होता. पण पलुसकर ब्राह्मण कीर्तनकाराच्या घरचे. घराण्याच्या उस्तादाने शाळा उघडणे ही गोष्ट निराळी. विद्या मुलाला द्यायची, फार तर पुतण्याला, जावयाला. असल्या घरात वाढलेल्या माणसाने मराठी-कानडी मुलांना घरात ठेवून घेतले, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय केली आणि शिकवले. खर्च भागवायला जलसे केले, त्यांत शिष्यही गात. उस्ताद विद्या लपवून ठेवतात ही तक्रार पंडित भातखंड्यांच्या काळात सर्रास ऐकू येई. त्याच काळात सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स हे २२ श्रुतींचे मोजमाप करायला बसले, तेव्हा गळा उघडून समोर बसणारे उस्ताद होते अब्दुल करीम खाँ. ज्यांना लपवायचे असते ते मोजपट्टीपुढे गात नाहीत.

शिष्यांची नावे पाहिली तरी पुरे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व. बेहेरेबुवा. रोशनआरा बेगम, ज्या पुढे पाकिस्तानात गेल्या. केसरबाई केरकर काही महिने त्यांच्याकडे शिकल्या. कपिलेश्वरीबुवांनी तर गुरूचे भले थोरले मराठी चरित्रच लिहिले. मुसलमान उस्तादाचे चरित्र हिंदू शिष्याने मराठीत लिहावे, यात तेव्हा कुणाला काही विशेष वाटले नसावे.

किंमत मात्र घरातून वसूल झाली. ताराबाई आणि खाँसाहेबांना पाच मुले. संसार टिकला नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांनी आईच्या बाजूची नावे घेतली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले. चंपाकली ही हिराबाई बडोदेकर झाली, सकीना ही सरस्वतीबाई राणे. ज्याने आयुष्यभर स्वतःचे नाव उभे केले, त्याचे नाव त्याच्या मुलांपैकी कुणाच्याही पुढे लागले नाही. या घरफुटीत दोष कुणाचा, हे आज आपण ठरवू नये. मात्र त्याच हिराबाईंनी तिकीट लावून, घरंदाज बाईसारखे बसून मैफली केल्या. गाणारी बाई म्हणजे कोठीवरली, हा समज पुसण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. बापाने पुरुष गवयासाठी जे केले, ते लेकीने बायकांसाठी केले, तेही बापाच्या नावाशिवाय.

खाँसाहेबांचा गळा मात्र या सगळ्या धावपळीत ओरडा झाला नाही. उलट वयाबरोबर तो आत आत वळत गेला. म्हैसूर दरबारात त्यांना मान मिळाला, संगीतरत्न ही पदवी मिळाली, दक्षिणेचे राग त्यांनी उचलले. १९३० च्या दशकात त्यांनी पुन्हा तबकड्यांसाठी गायले. त्यांतली झिंझोटी आणि भैरवीतली ठुमरी अजून ऐकली जाते. मराठी नाट्यपदेही त्यांनी गायली. यातलीच एक तबकडी गदगच्या दुकानात एका मुलाच्या कानावर पडली आणि तो गाणे शिकायला घरातून पळाला. ते भीमसेन जोशी. पुढे सवाई गंधर्वांकडे शिकून त्यांनी खाँसाहेबांचा सूर लाखोंपर्यंत नेला. भेट नाही, ओळख नाही, मध्ये फक्त एक तबकडी.

१९३७ चा ऑक्टोबर. खाँसाहेब मद्रासेत जलसे करून रेल्वेने पाँडिचेरीला निघाले होते. वय पासष्टीला टेकलेले, तरी फिरती चालूच. दरबार सोडलेल्या माणसाला निवृत्ती नसते. रमजानला आठ-दहा दिवस उरले होते. वाटेत छातीत कळ आली. रात्रीच्या वेळी सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. प्लॅटफॉर्मवर बिछाना घातला गेला. त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, आणि दरबारी रागाच्या सुरांत कलमा म्हणत म्हणत डोळे मिटले. तारीख २७ ऑक्टोबर. ऐकायला होते चार शिष्य-सोबती आणि स्टेशनावरची माणसे. तिकीट नव्हते, तबकडी नव्हती.

मय्यत मिरजेला आणली गेली. मजार मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच आहे. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे रात्र-रात्र गाणे होते. मोठमोठे कलावंत येतात, चिंचेच्या झाडाखाली बसतात आणि हजेरी लावतात. जवळच्याच गल्लीत तंबोरे बनतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे त्यांना लागतात आणि २०२४ मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. लातूरहून मिरजेला आता छोटी गाडी नाही, मोठी जाते.