विश्लेषण : मूल शाळेत नाही? पालकांना दंड! शाहू महाराजांनी हे कसे घडवले?

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशभर १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. कोल्हापूर संस्थानात ही सक्ती १९१७ मध्येच झाली होती.

राजर्षींचे बालपण कसे होते?
२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्म. मूळ नाव यशवंतराव. तिसऱ्या वर्षीच आई राधाबाईंचे छत्र हरपले. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. दोन वर्षांनी वडीलही गेले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

आधी वसतिगृहे का?
खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर राहायचे कुठे, जेवायचे काय, हा पहिला प्रश्न होता. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा विविध समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली.

मग सक्ती कशी आली?
गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक ब्रिटिश सरकारच्या कायदेमंडळात १९१२ मध्ये फेटाळले गेले. कोल्हापुरात मात्र पाच वर्षांत कायदा झाला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा आदेश निघाला. १९२० मध्ये मुलींना देवाला सोडण्याच्या प्रथेवर कायद्याने बंदी आली.

आज यातून काय घ्यायचे?
६ मे १९२२ रोजी, अवघ्या ४७ व्या वर्षी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यांनी आधी सोय केली, मग सक्ती. घरापासून दूर शिकणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाचा प्रश्न आजही सुटलेला नाही. नुसत्या कायद्याने मूल शाळेत टिकत नाही.