संत जनाबाई : संबोधनाची भाषा



सर्वसमावेशक भाषेच्या या अभ्यासक्रमात विषयाचा आरंभ व्याख्येने न करता एका चरित्राने करू. परभणी जिल्ह्यातील राणीसावरगाव ज्या गंगाखेड तालुक्यात मोडते, त्याच गोदाकाठच्या गंगाखेडची ही कन्या. आपण त्या परिसरातून हा घटक वाचत असाल, तर तिचे गाव आपल्याला तालुक्याच्या कामानिमित्त परिचित असेलच.

दमा आणि करुंड हे तिचे मातापिता, असे परंपरा सांगते. वडिलांनी तिला लहानपणीच पंढरपूरच्या दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेवले. १२७० मध्ये जन्मलेले नामदेव याच घरातले. गोणाई, राजाई, नामदेवांचे पुत्र, सारे कुटुंब अभंगरचना करणारे होते. या घरात जनी दळत होती, कांडत होती, झाडलोट करीत होती, शेणी वेचीत होती. आणि अभंगही रचीत होती.

आपण लक्ष द्यावे ते तिच्या शब्दसंपत्तीकडे. जाते, उखळ, केर, धुणे हे शब्द तिच्या काव्यात उपमा म्हणून क्वचितच येतात. ते तिचे दिवसभराचे काम म्हणूनच येतात. त्या कामात विठ्ठल तिला हात लावतो, केर भरतो, तिला न्हाऊ घालतो. देवाने दासीची कामे करावीत, ही कल्पना भक्तीच्या गोडव्यात विरघळून जाते आणि तिच्यातले धाडस आपल्या ध्यानातून निसटते.

मराठीत माणसाची पायरी सर्वनामावरून कळते. तू, तुम्ही, आपण यांपैकी कोणाला काय म्हणायचे, हे आपण बोलू लागताच शिकतो. घरातील दासीला ‘जने’ अशी हाक जात असेल, तिने मात्र सर्वांस आदराने बोलावे, हीच त्या काळची रीत. ही जनी विठ्ठलाला एकेरीत हाक मारते, रागावली की त्याला चक्क शिव्या घालते आणि माया दाटून आली की त्याला आई करते. पुल्लिंगी देवाचे नाव तिच्या तोंडी सहज स्त्रीलिंगी होते. स्त्रीजन्माबद्दल खंत करू नये, हेही ती स्पष्टपणे सांगते. तिला आजच्या अर्थाने विचारवंत ठरविण्याची घाई मात्र आपण करू नये. तिची ओढ विठ्ठलाची होती, व्याकरण सुधारण्याची नव्हती.

‘दासी’ हा शब्दही तिने टाकला नाही. अभंगाच्या शेवटी ती स्वतःला नामयाची दासी म्हणवते, परंतु त्या शब्दाशेजारी ‘जनी’ हे आपले नाव ठेवते. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचा उल्लेख आपण नावाने करतो की ‘कामवाली’ म्हणून, हे येथे क्षणभर आठवून पाहावे. जनीची जनाबाई झाली ती पुढच्या परंपरेच्या आदराने. तिच्या नाममुद्रेत बहुधा नुसती जनीच आढळते.

परंपरेनुसार शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीस पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांसमवेत तिनेही देह ठेवला. तिच्या नावावरील सुमारे ३५० अभंग नामदेवांच्या गाथेत समाविष्ट होऊन आपल्यापर्यंत आले.

त्यांतील एक अभंग आपण अवश्य पाहावा. कोणत्या संताची वाणी कोणी लिहून घेतली, याची नोंद तिने त्यात केली आहे. ज्ञानदेवांचे लेखक सच्चिदानंदबाबा आणि चोखामेळ्याचे अनंतभट्ट, अशी ती नावे घेते. महाराच्या वाणीला ब्राह्मणाची लेखणी लाभली, ही गोष्ट तिला नमूद करावीशी वाटली. यादीच्या शेवटी ती स्वतःकडे वळते आणि आपला लेखक म्हणून पांडुरंगाचे नाव सांगते.