एक्सप्लेनर : अडकित्ते, वजऱ्या, खेळणी अन् पैठणची चित्रं... चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या कवीने २० हजार वस्तू का जमवल्या?

छत्रपती संभाजीनगर : पैठण म्हटलं की डोळ्यांसमोर येतात नाथ महाराज, जायकवाडी आणि पैठणी. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी एक चित्रशैलीही आहे, हे मात्र जिल्ह्यातल्या अनेकांना माहीत नाही. या चित्रांचा एक महत्त्वाचा संग्रह पुण्यात, शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे.

हे संग्रहालय कुठल्या राजाने उभारलेलं नाही. नावातला ‘राजा’ हा सात वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांनी लोकांच्या माळ्यावरचं, अडगळीतलं, जुन्या बाजारातलं सामान आयुष्यभर गोळा केलं. ते वडील म्हणजे दिनकर गंगाधर केळकर, पुणेकरांचे काका केळकर. त्यांनी हे का केलं, कसं केलं आणि आज त्याचा आपल्याशी काय संबंध? समजून घेऊया.

कोण होते काका केळकर?

जन्म १० जानेवारी १८९६ चा. पुण्यात चष्म्याचं दुकान हा त्यांचा व्यवसाय. मराठी वाचक त्यांना आधी ओळखत होते ते कवी म्हणून. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. इतिहासाची ओढ होतीच. त्या ओढीतून १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात झाली.

त्या काळात जुन्या वस्तू जमवणारे बहुतेक जण संस्थानिक, सरदार किंवा इंग्रज अधिकारी होते. त्यांना हवी असत ती नाणी, शस्त्रं, मूर्ती आणि ताम्रपट. केळकरांकडे शस्त्रं होती, मूर्तीही होत्या. पण त्यांची नजर हळूहळू घरातल्या वस्तूंकडे वळली. ज्या वस्तू रोज हाताळल्या जातात आणि मोडल्या की फेकल्या जातात, त्या ते उचलू लागले.

नेमकं काय काय जमवलं?

यादी वाचली तर एखाद्या जुन्या वाड्याचा माळा उघडल्यासारखं वाटतं.

• सुपारी कातरायचे अडकित्ते. कुणाला मोराचा आकार, कुणाला घोड्याचा, तर काहींवर स्त्री-पुरुषांच्या आकृती
• अंघोळीच्या वेळी पायाच्या टाचा घासायच्या वजऱ्या
• पानदान, चुन्याच्या डब्या, हुक्के
• दौती, कलमदाने, कुलुपे
• समया, टांगते दिवे, हातातले दिवे
• फण्या, कुंकवाचे करंडे, आरसे
• गंजिफा, सोंगट्या, बाहुल्या, खेळणी, कळसूत्री बाहुल्या
• स्वयंपाकघरातली भांडी, कोरीव दरवाजे, वाद्ये

यातल्या बहुतेक वस्तूंवर कारागिराचं नाव नाही. टाच घासायचं साधन साधं खडबडीत असलं तरी काम भागतं. तरीही कुणीतरी त्याच्या मुठीवर पक्षी कोरला. सुपारी फोडायला दोन पाती पुरतात, पण लोहाराने त्यांना घोड्याचं तोंड दिलं. अशी निनावी कारागिरी केळकरांच्या संग्रहात पहिल्या रांगेत बसली. बायकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंना इतकी जागा देणारा संग्रह तेव्हा दुर्मीळ होता.

‘राजा’ कोण?

राजा हा केळकरांचा एकुलता एक मुलगा. सातव्या वर्षीच तो गेला. केळकरांचा छंद त्याआधीच सुरू झालेला होता, पण पुढे या संग्रहाला त्यांनी मुलाचं नाव दिलं. म्हणूनच संग्रहालयाच्या नावात आधी राजा आणि मग दिनकर.

नंतर ते महाराष्ट्राबाहेर गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत असे फिरत राहिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. चष्म्याच्या दुकानाच्या कमाईत हा खर्च भागणं सोपं नव्हतं. प्रसंगी घरच्या दागिन्यांनाही हात घालावा लागल्याचं सांगितलं जातं. १९६० पर्यंत संग्रह सुमारे १५ हजार वस्तूंवर पोहोचला होता. ज्या घरात पोर खेळायला उरलं नव्हतं, तिथे शेकडो अनोळखी पोरांची खेळणी जमा झाली.

पैठणचा संबंध कुठे येतो?

टीव्ही आणि सिनेमा येण्याआधी गावोगावी चित्रकथी फिरत. हे कथेकरी रामायण-महाभारतातल्या गोष्टी चित्रं दाखवत आणि वाद्यांच्या साथीने गात सांगायचे. एका कथेच्या चित्रांचा एक गठ्ठा असे, त्याला पोथी म्हणत.

तंत्र साधं पण हुशारीचं होतं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असत. एक प्रसंग सांगून झाला की कागद उलटायचा, पुढचा प्रसंग तयार. आजच्या भाषेत सांगायचं तर स्लाइड शो. चित्रंही लांबून दिसतील अशीच काढलेली होती. जाड रेषा, भडक सपाट रंग, बाजूने दिसणारे चेहरे आणि मोठाले डोळे. अहिरावण-महिरावण, शतमुख रावण अशा मूळ वाल्मीकी रामायणात नसलेल्या, पण लोकांना आवडणाऱ्या कथा त्यात होत्या.

यातली बरीच चित्रं पैठण परिसरात मिळाली, म्हणून या शैलीला ‘पैठण शैली’ हे नाव पडलं. याच कलेची दुसरी शाखा सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने टिकवली. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. फरक इथे दिसतो. पिंगुळीत चित्रं दाखवणारे हात आहेत. पैठणचं नाव मात्र मुख्यतः संग्रहालयांच्या काचेमागे उरलं आहे.

यावर दोन बाजूंनी बोलता येतं. संग्राहक वस्तू उचलतो तेव्हा ती तिच्या गावापासून तुटते, हे खरंच. पण कथेकऱ्यांचा धंदा बसल्यावर त्या कागदांची किंमत रद्दीइतकीच उरली होती. ते कुणी उचलले नसते तर वाळवी आणि चूल यांतच त्यांचा शेवट झाला असता.

नवाब आणि दुकानदार : दोन संग्राहक, एक तुलना

मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना त्याच राज्याचा एक दिवाण असाच वेडा संग्राहक होता. मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग. जन्म १८८९ चा आणि तोही पुण्यात. आपल्या जिल्ह्यातलं अजिंठा गाव याच घराण्याच्या जहागिरीत होतं. त्यांनी जगभरातून घड्याळं, पुतळे, खेळणी मागवली. त्यांच्या संग्रहातल्या एका घड्याळात तासाला एक छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो. तो बघायला हैदराबादेत आजही गर्दी जमते.

सालारजंग १९४९ मध्ये वारले. १९५१ मध्ये त्यांचा संग्रह लोकांसाठी खुला झाला. त्यांच्यामागे जहागिरीचा पैसा होता. केळकरांच्या मागे एक दुकान होतं. नवाबाने जगातलं सर्वात चांगलं ते विकत घेतलं, तर केळकरांनी शेजाऱ्याच्या माळ्यावरचं नाकारलेलं जपलं.

सरकारला का दिलं?

१९६२ मध्ये संग्रहालय रीतसर स्थापन झालं. १९७५ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला.

खासगी संग्रहांचा सर्वात मोठा धोका म्हणजे पुढची पिढी. संग्राहक गेला की वाटण्या होतात, वस्तू एकेक करून विकल्या जातात आणि कोणती वस्तू कुठून आली ही माहिती त्याच्याबरोबरच जाते. केळकरांनी जिवंतपणीच हा प्रश्न सोडवला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९० मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी वाचवले. त्यातून पुन्हा उभारलेलं दालन संग्रहालयात बघायला मिळतं.

आज अडचण काय?

जागा. संग्रहात २० हजारांहून जास्त वस्तू आहेत, पण मांडलेल्या आहेत साधारण २,५००. म्हणजे आठातली एकच वस्तू लोकांना दिसते. बाकीच्या गोदामात.

मराठवाड्यातही असे संग्राहक झाले. पैठणचं बाळासाहेब पाटील शासकीय वस्तुसंग्रहालय आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय ही दोन्ही एकेका माणसाच्या ध्यासातून उभी राहिली. दोन्ही ठिकाणी सातवाहन काळातल्या वस्तू आहेत.

घरात जुनी वस्तू असेल तर?

• १०० वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. यासाठी १९७२ चा कायदा लागू होतो.
• मूर्ती, चित्रं यांसारख्या ठराविक प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागते.
• पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत.
• शेतात किंवा पाया खोदताना नाणी, दागिने, मूर्ती सापडल्या तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हा नियम १८७८ च्या निखात निधी कायद्यापासूनचा.
• कायद्यात न बसणारी वस्तू असली तरी एक काम नक्की करता येतं. ती कुणाची होती, कशासाठी वापरत, कुठल्या गावची, हे आजी-आजोबांना विचारून फोटोसोबत लिहून ठेवा. तांबट आळीत घासून नवीन करून आणलेल्या भांड्यावरचा काळ निघून जातो, तसा मोडीत घातलेला अडकित्ता परत मिळत नाही.

थोडक्यात : केळकरांनी जमवलेल्या वस्तूंपैकी बहुतेकांची त्यांच्या मालकांना किंमत वाटत नव्हती. आज त्यांच्यावरूनच दोनशे वर्षांपूर्वीचं मराठी घर कसं चालायचं, हे समजतं. पैठणच्या चित्रांना पुण्यात काच मिळाली. जिल्ह्यातल्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून काय शिल्लक आहे, याची यादी मात्र घरोघरीच करावी लागणार आहे.