रेव्हरंड नारायण वामन टिळक : मंडळीत नवा प्राण शोधणारा कवी



वर्गात टिळक हे आडनाव घेतलं की मुलं लगेच लोकमान्यांचं नाव सांगतात. ते बरोबरच आहे. पण मराठीच्या पुस्तकात आणखी एक टिळक आहेत, फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे. त्यांच्या कविता आपण शिकवतो, पण त्यांच्या आयुष्याबद्दल फारसं बोलत नाही. त्यांनी धर्म बदलला होता, त्यामुळे विषय नाजूक वाटतो आणि आपण तो टाळतो. खरं तर हे आयुष्य मुलांना सांगण्यासारखं आहे. त्याचा एक मोठा वळणबिंदू तर आपल्या नागपुरातलाच आहे. मिहानमध्ये एम्स आणि कंपन्या आल्यापासून आपल्या वर्गांत वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या धर्मांची मुलं शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यासाठी हा पाठ उपयोगी पडेल.

बालपण आणि भटकंती

नारायण वामन टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगाव इथे झाला. वडील कडक शिस्तीचे. आई जानकीबाई भाविक आणि प्रेमळ. कवितेची गोडी त्यांना आईकडूनच लागली. आई गेली तेव्हा ते लहान होते. त्यानंतर घरात मन रमेना, म्हणून घर सोडून ते नाशिकला आले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे गुरू भेटले आणि संस्कृतचा पाया पक्का झाला. इंग्रजी शिक्षण मात्र परिस्थितीमुळे अर्धवट राहिलं.

1880 मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. टिळकांचा स्वभाव असा की एका जागी टिकणं जमत नसे. कधी शिक्षकी, कधी कीर्तन, कधी पुराण सांगणं, कधी मासिक काढणं. हातात पैसे आले की ते दुसऱ्या कुणाला देऊन मोकळे होत. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई.

नागपूरचे दिवस

1891 च्या सुमारास टिळक नागपूरला आले. इथले धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने जुन्या संस्कृत ग्रंथांचं काम त्यांना मिळालं. बुटी हे नाव आपल्या मुलांना बुटीबोरीमुळे चांगलं ओळखीचं आहे. याच काळात टिळकांनी ‘ऋषी’ नावाचं धर्मविषयक मासिकही चालवलं.

त्यांच्या मनात एक प्रश्न सारखा घोळत होता. देश वर यायचा तर माणसं एकत्र यायला हवीत, आणि जातीच्या भिंती तर त्यांना एकत्र येऊ देत नाहीत. मग सगळ्यांना भाऊ मानणारा धर्म कोणता? देव सर्वांचा पिता आहे आणि माणसं एकमेकांची भावंडं आहेत, इथपर्यंत ते स्वतःच्या विचाराने पोहोचले होते. आपणच एखादा नवा धर्म काढावा, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

1893 मध्ये ते नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले. रेल्वेच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. कवितेवरून गप्पा सुरू झाल्या आणि धर्मापर्यंत गेल्या. उतरताना वॉर्ड यांनी त्यांना नवा करार भेट दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. शत्रूवरही प्रेम करा, ही शिकवण त्यांना सोडवेना. पुढे ‘ज्ञानोदय’ पत्राशी संबंधित असलेले डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय पाळकाच्या हातूनच घ्यायचा, हा त्यांचा आग्रह होता.

किंमत कोणी मोजली?

हा भाग मुलांना सांगताना घाई करू नये. टिळकांचा निर्णय त्यांच्या सद्सद्विवेकाचा होता, पण त्याचा घाव घरावर बसला. नातेवाईक तुटले. लक्ष्मीबाईंना जबर धक्का बसला. छोट्या दत्तूला घेऊन त्या चार-साडेचार वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. दोघांचं प्रेम मात्र तुटलं नाही. पत्रं येत-जात राहिली, रुसवेही झाले. पुढे त्या नगरला आल्या, तरी सुरुवातीला आपलं सोवळं त्यांनी सोडलं नाही. माणसामाणसांत उच्चनीच देवाने केलेलं नाही, हे त्यांना स्वतःला पटलं तेव्हाच त्या बदलल्या आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मंडळी थंड का वाटते?

त्या वेळच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण संस्थेत शिकवत होते. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. बाहेरून पाहता सगळं स्थिर झालं होतं, पण त्यांची अस्वस्थता संपली नव्हती.

उपासनेला लोक येत, बसत, उठून जात. गाणी बहुतेक परदेशी चालींवर. शब्द मराठी असले तरी ते जिभेवर घोळत नसत. गावातला माणूस एरवी टाळ-मृदंगावर रात्र जागवतो, तोच इथे गप्प बसतो, असं का? शिवाय कामाचे पगार मिशनकडून येत आणि निर्णयही मिशनचेच. आपला धर्म कुणीतरी बाहेरून चालवतंय, ही भावना असताना अंतःकरण पेटणार कसं? ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं नव्हे, हे टिळक सतत सांगत राहिले.

त्याच काळात, 1905 मध्ये, पंडिता रमाबाईंच्या केडगाव इथल्या मुक्ती मिशनमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. तिथे मुली आणि बायका एकत्र जमून तासन्‌तास प्रार्थना करत. रडून पापं कबूल करत. टिळकांनी शोधलेली वाट वेगळी होती. ती वारकऱ्यांच्या अंगणातून जात होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, पद, भजन हे आपल्या मातीतले प्रकार हातात घेतले. नगर भागात ख्रिस्ती कीर्तनं त्यांच्या आधीपासून होत होती. टिळकांनी त्यांत कवीचा आणि कसलेल्या कीर्तनकाराचा जीव ओतला. त्यांनी शंभराहून अधिक भक्तिगीतं लिहिली. मराठी मंडळ्यांत ती आजही गायली जातात. ‘ख्रिस्तायन’ हे मोठं काव्य त्यांच्या हातून अपुरं राहिलं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी चालवलं आणि मुलगा देवदत्त यांनी शेवटाला नेलं. ज्या बाईंना नवऱ्याने लग्नानंतर अक्षरओळख करून दिली, त्यांनी त्याच्या काव्याचे साठाहून अधिक अध्याय लिहिले!

देवाचा दरबार

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न, तब्येत खालावलेली, गाठीला काही नाही. तरी पगार सोडून ते संन्याशासारखे राहू लागले आणि साताऱ्याला गेले. तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसमाज सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही इथे यावा. बाप्तिस्मा घेतलेला असो किंवा नसो, कुठल्याही पंथाचा असो. आधी शिष्य व्हा, भाऊ व्हा, सेवा करा, अशी त्यामागची दृष्टी होती. हे काम त्यांनी चर्च मोडण्यासाठी काढलं नव्हतं. चर्चमध्ये पुन्हा प्राण यावा, ही त्यांची तळमळ होती. पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा असल्यामुळे जुन्या सहकाऱ्यांना काळजी वाटली.

त्यांना वेळ मात्र फार थोडा मिळाला. 9 मे 1919 रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेनुसार ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे दफन न करता देहाचं दहन झालं आणि अस्थी नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत ठेवल्या गेल्या. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. टिकली ती गाणी. संस्था उभी राहिली नाही म्हणून काम वाया गेलं, असं म्हणता येत नाही. आज एखाद्या खेड्यातली मंडळी पेटी-तबल्यावर मराठी भजन म्हणते, तेव्हा त्यांना हवं होतं त्यातलं काहीतरी घडतच असतं.

वर्गात काय घेता येईल?

1. नकाशावर करजगाव, नाशिक, नागपूर, राजनांदगाव, मुंबई, अहिल्यानगर, सातारा ही ठिकाणं मुलांकडून शोधून घ्या. नागपूर ते राजनांदगाव हा रेल्वेमार्ग रंगवायला सांगा.

2. ‘स्मृतिचित्रे’तला एखादा सोपा प्रसंग वाचून दाखवा. मुलं हसतील आणि ऐकतीलही. घरातल्या माणसाचा निर्णय आपल्याला पटला नाही तर आपण काय करतो, यावर बोलू द्या.

3. आपल्या घरी कोणती भजनं, आरत्या, गीतं, कव्वाल्या, बुद्धवंदना म्हणतात ते मुलांनी सांगावं. कोणता धर्म बरा, ही चर्चा मात्र होऊ देऊ नये. कोणी कुठला धर्म घ्यावा हे शिकवणं आपलं काम नाही. माणूस प्रामाणिकपणे शोध कसा घेतो, एवढंच दाखवायचं आहे.

4. पालकांसाठी : नागपुरातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहासही जुना आहे. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आपण रोज ऐकतो, ते स्टीफन हिस्लॉप 1863 मध्ये मिहानपासून जवळच, टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना पुरात बुडाले. मुलांना घेऊन त्या बाजूला गेलात तर ही गोष्ट जरूर सांगा.

टिळकांच्या आयुष्यातून मुलांनी एक गोष्ट उचलली तरी पुरे. प्रार्थना असो वा पाठ, तो नुसता रोजचा उपचार झाला की त्यातला जीव जातो. तो परत आणायचा असेल तर आपल्या भाषेत, आपल्या सुरात आणि स्वतःला पदर लावूनच आणावा लागतो. आपल्या वर्गालाही हे तितकंच लागू आहे, नाही का?